चढ किती आहे, हे कोणी ठरवायचं?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक ५ ते १२.

बारावा अध्याय छोटा, फक्त २० श्लोकांचा. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पंधराव्यासोबत हाच पाठ केलेला असतो. सुरुवातीला अर्जुन विचारतो की सगुणाची भक्ती करणारे आणि अव्यक्ताची उपासना करणारे, या दोघांत श्रेष्ठ योगी कोण? भगवंत म्हणतात, माझ्या ठायी मन लावून भक्ती करणारे मला श्रेष्ठ वाटतात, पण अव्यक्ताचे उपासकही शेवटी माझ्यापर्यंतच पोचतात. आणि मग पाचव्या श्लोकात सांगतात की त्या दुसऱ्या वाटेत कष्ट जास्त आहेत, कारण चालणारा देहधारी आहे.

या ‘देहधारी’ शब्दापाशी मी दर वेळी थांबतो. ‘ती वाट कठीण आहे’ एवढं म्हणूनही भागलं असतं. पण भगवंत कठीणपणा मोजताना वाटेबरोबर चालणाऱ्यालाही हिशेबात धरतात. म्हणजे चढ किती आहे, हे फक्त डोंगराकडे बघून सांगता येत नाही का? आणि तसं असेल तर समोरचा जेव्हा म्हणतो ‘मला हे जमत नाहीये’, तेव्हा त्याचं खरं मानायचं की नाही?

आज यावरच बोलू. आणि त्यासाठी मला सायकल लागणार आहे, कारण हा प्रश्न मला रविवारी सकाळी घाटातच पडतो.

एक घाट, दोन आकडे

पुण्याहून सायकलवर सासवडला जायचे दोन रस्ते सगळ्यांना माहीत आहेत. हडपसर-वडकीकडून दिवे घाट, नाहीतर कोंढवा-येवलेवाडीकडून बोपदेव घाट. बोपदेव अंगावर येतो. दिवे घाट लांब वळणं घेत, खाली मस्तानी तलाव दाखवत चढतो. दोन्ही रस्ते शेवटी सासवडच्याच पठारावर नेतात. बाराव्या अध्यायाची सुरुवात समजून घ्यायला पुणेकराला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

चढाचं माप अगदी साधं असतं. १०० मीटर पुढे गेल्यावर रस्ता ५ मीटर वर गेला की तो ५ टक्के चढ. कोनात सांगायचं तर तीन अंशांपेक्षाही कमी. कंपासपेटीतला कोनमापक काढून तीन अंश आखून बघा, हसू येईल. पण तेच तीन अंश सायकलवर दोन किलोमीटर चालले की हसू येत नाही.

आता इंजिनिअरिंगचा थोडा हिशेब. घाबरू नका, एवढाच आहे. समजा ८ टक्क्यांचा चढ आहे आणि दोघं मित्र ताशी ८ किलोमीटरने शेजारी शेजारी चढतायत. दोघांच्याही सायकली १२ किलोच्या. पहिल्याचं वजन ६० किलो, दुसऱ्याचं ९०. नुसतं गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर जायला पहिल्याला साधारण १२५ वॅट लागतात, दुसऱ्याला १७८. आता समजा दोघांचीही तासभर टिकणारी ताकद १८० वॅटच आहे. म्हणजे पहिला आपल्या ताकदीच्या ७० टक्क्यांवर आहे, तो गप्पा मारतोय, जोक सांगतोय. दुसरा जवळजवळ १०० टक्क्यांवर आहे, त्याला हसायलाही श्वास शिल्लक नाही.

रस्ता एकच आणि वेग एकच, तरी पहिला म्हणतो ‘मस्त आहे रे चढ’ आणि दुसरा म्हणतो ‘मरतोय मी’. यात खोटं कोण बोलतंय? कोणीच नाही. चढाचे आकडेच दोन आहेत. एक रस्त्याचा, तो सगळ्यांना सारखा. दुसरा त्या रस्त्यापुढे त्या माणसाचा, तो फक्त त्याचा. वर त्याची झोप झाली नसेल, तापातून उठला असेल, वय झालं असेल, तर तो दुसरा आकडा आणखी वाढतो. रस्ता मात्र एक मिलिमीटरही वर गेलेला नसतो.

आपले बरेचसे वाद हे दोन आकडे एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. ‘अरे, पाच टक्केच तर आहे’ म्हणणारा पहिला आकडा दाखवून दुसरा खोडून काढत असतो. आणि ‘हा रस्ताच वाईट आहे’ म्हणणारा आपला दुसरा आकडा रस्त्याच्या नावावर टाकत असतो.

डोळे काय सांगतात?

नुसत्या डोळ्यांवर तर अजिबातच भरवसा ठेवू नका. लेहजवळ कारगिलच्या रस्त्यावर मॅग्नेटिक हिल आहे. तिथे न्यूट्रलमध्ये सोडलेली गाडी चढावर आपोआप चढते, असं दिसतं. चुंबक वगैरे काही नाही. आजूबाजूच्या डोंगरांच्या रेषांमुळे नजर फसते आणि हलका उतार आपल्याला चढ वाटतो. म्हणजे चढ आहे की उतार, एवढ्या साध्या गोष्टीतही नजर चुकू शकते.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात डेनिस प्रॉफिट आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं. १९९५च्या त्यांच्या लेखात असं दिसलं की खाली उभं राहून टेकडीचा कोन सांगायला लावला, तर माणसं भरपूर फुगवून सांगतात. ५ अंशांची टेकडी त्यांना २० अंशांच्या आसपास वाटते. पुढे १९९९ मध्ये त्यांनी मांडलं की पाठीवर जड बॅग असेल, माणूस दमलेला असेल, वय झालेलं असेल तर टेकडी आणखी उभी वाटते. २००८च्या एका अभ्यासात तर मित्र शेजारी उभा असेल तर तीच टेकडी कमी उभी वाटते, असं निघालं.

हे शेवटचं वाक्य सत्संगाच्या ग्रुपवर फॉरवर्ड करायचा मोह होतो ना? ‘संगतीचा महिमा विज्ञानानेही मान्य केला!’ जरा थांबा. २००९ मध्ये फ्रँक डर्गिन आणि सहकाऱ्यांनी बॅगेचा प्रयोग पुन्हा करून बघितला. काही जणांना त्यांनी सांगितलं की या बॅगेत स्नायूंची हालचाल मोजायचं यंत्र आहे. बॅग तितकीच जड, पण या लोकांना टेकडी जास्त उभी वाटली नाही. डर्गिन यांचं म्हणणं असं की आधीच्या प्रयोगांत लोकांनी प्रयोगाचा हेतू ओळखला आणि त्याला साजेसं उत्तर दिलं. बदललं ते उत्तर, दिसणं नाही. हा वाद पुढेही चालू राहिला.

मला हा वाद आवडतो, कारण आपल्या भक्तीला अर्धवट विज्ञानाच्या टेकूची गरज नाही. मित्रामुळे टेकडी डोळ्यांना कमी उभी दिसते की नाही, ते त्या क्षेत्रातले लोक ठरवतील. वरचा वॅटचा हिशेब त्यावर अवलंबून नाही. आणि या वादातून आपल्यालाही एक शिकायला मिळतं. आपण ‘चढ किती वाटतोय?’ विचारतो तेव्हा विचारण्याच्या पद्धतीतच उत्तर दडलेलं असू शकतं.

माझ्या क्षेत्रातल्या वाचकांना हे लगेच कळेल. टीममध्ये कामाचा अंदाज घेताना सीनिअर आधीच बोलला की ‘हे तर दोन पॉइंटचं काम आहे’, की बाकी सगळे दोनच म्हणतात. म्हणून तर पत्त्यांची पद्धत आली. प्रत्येकाने आपला आकडा मनात ठरवायचा, पत्ते एकदम उघडायचे आणि ज्याचा आकडा सगळ्यात मोठा आणि ज्याचा सगळ्यात लहान, त्यांनी कारण सांगायचं. तेरा म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही. त्याला असं काहीतरी दिसत असतं जे बाकीच्यांना दिसलेलं नसतं. किंवा तो त्या कामात नवीन असतो, आणि तेही टीमला कळायलाच हवं असतं.

खालचा गिअर

आता श्लोक ८ ते ११ पुन्हा वाचा. भगवंत म्हणतात, मन आणि बुद्धी माझ्यात ठेव. ते जमत नसेल तर अभ्यासाने, पुन्हा पुन्हा प्रयत्न करून माझ्याकडे ये. तेही जमत नसेल तर माझ्यासाठी कर्म कर. तेही जमत नसेल तर कर्माच्या फळाची आशा सोड.

‘जमत नसेल तर’ हे तीन वेळा आलंय. एकदाही ‘का जमत नाही?’ असं विचारलेलं नाही. ‘इतरांना कसं जमतं?’ असंही नाही. अर्जुनाला जो चढ वाटेल, तो तसाच धरून भगवंत पुढचा गिअर देतात.

गिअरचं गणित माहीत आहे ना? पुढचं चक्र ५० दात्यांचं आणि मागचं २५ दात्यांचं असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरतं. दोन्ही ३४ दात्यांची असतील तर एकदाच फिरतं. तोच घाट त्याच वेगाने चढायचा तर दुसऱ्या गिअरमध्ये पाय दुप्पट वेळा फिरवावे लागतात, पण प्रत्येक वेळी जोर निम्माच लागतो. एकूण काम तेवढंच. घाटमाथा एक इंचही खाली येत नाही. म्हणजे खालचा गिअर ही फसवणूक नाही, सूट नाही, कमी प्रतीची सायकलिंगही नाही. डोंगर आहे तेवढाच ठेवून तो या पायांना चढता यावा, एवढंच गिअर करतो.

आणि शेवटचा गिअर दुय्यम आहे असं कोणाला वाटू नये, म्हणून लगेच बारावा श्लोक आहे. तिथे अभ्यास, ज्ञान, ध्यान अशी चढती भाजणी लावून फळाचा त्याग सगळ्यात वर ठेवलाय, आणि त्या त्यागातूनच शांती मिळते असं म्हटलंय. ज्याला आपण ‘काहीच जमत नाही त्याच्यासाठी’ समजत होतो, तोच थेट माथ्यावर नेतो.

हे सगळं मला पुस्तकातून कमी आणि घरात जास्त कळलं. बाबा गेले त्यानंतर आईचा हरिपाठ थांबला. ३० वर्षं रोज संध्याकाळी दिवा लावून म्हणणारी बाई, पण पुस्तक हातात घेऊन नुसती बसायची. येणारे-जाणारे प्रेमानेच सांगायचे, ‘वहिनी, वाचा हो, बरं वाटेल. अर्ध्या तासाचं तर काम आहे.’ आई मान हलवायची. तिच्यासाठी तो अर्ध्या तासाचा रस्ता राहिला नव्हता. बाबांच्या शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत म्हणायचा हरिपाठ होता तो.

मग एकदा माझी मावशी राहायला आली. तिने समजावलं नाही. संध्याकाळी दिवा लावला, आईच्या शेजारी बसली आणि म्हणाली, ‘ताई, मी म्हणते. तू नुसती ऐक.’ पंधरा दिवस आई नुसती ऐकत होती. मग एक दिवस तिने टाळ उचलला. शब्द नाहीत, नुसता टाळ. मावशी तिच्या घरी परत गेल्यावर आई फोन स्पीकरवर लावून बसायची आणि तिकडून मावशी म्हणायची. कधीतरी आई मधेच एखाद्या चरणाला सूर लावायला लागली. कोणत्या दिवशी ते आम्हाला कोणालाच आठवत नाही.

ऐकणं हा खालचा गिअर होता. टाळ त्याच्या वरचा. हरिपाठ तोच राहिला.

मग सबबींचं काय?

इथे तुमच्यापैकी काही जण म्हणतील, ‘दादा, असं म्हटलं तर प्रत्येकजण म्हणेल मला चढ जास्त आहे. सकाळी उठायचा चढ, माळेचा चढ, जिमचा चढ. आळसाला तर मोकळं रानच मिळालं.’

प्रश्न बरोबर आहे. आणि गीता स्वतःच तो उभा करते. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन म्हणतो की मला हे जमणार नाही, आणि तिथे भगवंत गिअर देत नाहीत. ही दुबळेपणाची भाषा तुला शोभत नाही, ऊठ, असं कडक शब्दांत सुनावतात. बोलणारे तेच, ऐकणाराही तोच. एकदा झापलं, एकदा समजून घेतलं. मग आपण कोणतं वागणं उचलायचं?

मला यातून दोन गोष्टी दिसतात.

पहिली, चढ खालून बघून ठरवायचा नाही. खालून बघताना आपण सगळेच फुगवून सांगतो, तो ५ अंशांचा २० अंश करतो. अर्जुन दुसऱ्या अध्यायात अजून एक पाऊलही चढलेला नाही, धनुष्य खाली ठेवून लांबून बघतोय. बाराव्या अध्यायातलं ‘जमत नसेल तर’ हे करून बघणाऱ्यासाठी आहे. स्वतःपुरती कसोटी सोपी आहे. सगळ्यात हलका गिअर टाका आणि पन्नास पेडल मारा. सायकल पुढे जात असेल तर मघाशी मन बोलत होतं. तरीही पाय थरथरत असतील, छातीत काही वेगळं वाटत असेल, तर उतरा. सायकल ढकलत वर जाणाराही घाट चढतच असतो.

दुसरी, आणि मला जास्त महत्त्वाची वाटते ती. ‘एवढा काही चढ नाही, चल’ असं म्हणायचा अधिकार कोणाला आहे? भगवंतांनी ते म्हटलं तेव्हा ते त्याच रथावर होते. त्याच रणांगणात, घोड्यांचे लगाम हातात धरून, येणाऱ्या बाणांच्या समोर. माथ्यावर आधीच पोचलेल्याने वरून ओरडून सांगणं वेगळं आणि शेजारी आपलाही वेग कमी करून ‘अजून दोन वळणं, मी आहे’ म्हणणं वेगळं. शब्द कदाचित तेच असतील. पण दुसऱ्याने त्यासाठी स्वतःचे पाय खर्च केलेले असतात.

आषाढी वारीत माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाते ती दिवे घाटातूनच. पुणे ते सासवड हा वाटचालीतला मोठा टप्पा, आणि घाट येतो तो दिवसभर चालून पाय भरून आल्यावर. रथ ओढायला तिथे जादा बैलजोड्या जोडतात. रथ माउलींचा आहे म्हणून एकाच जोडीने ओढला पाहिजे, असा हट्ट कोणी धरत नाही. चढ आहे तर जोडी वाढवायची, इतका सरळ व्यवहार. आणि त्या गर्दीत तरुण मुलगा आजीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतो तेव्हा तो तिला घाटाची टक्केवारी सांगत नाही.

सहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या श्लोकात सर्वश्रेष्ठ योगी कोण ते सांगितलंय. जो स्वतःवरून दुसऱ्याचं सुख-दुःख ओळखतो तो. यातलं ‘स्वतःवरून’ आपण फार वेळा उलटं वापरतो. ‘मला जमलं, मग तुला का नाही?’ हेही स्वतःवरूनच मोजणं झालं, पण ते माझे पाय तुझ्या पेडलवर ठेवून मोजणं आहे. त्या श्लोकाचा अर्थ मला असा लागतो की माझा चढ जसा मला खरा वाटतो, अगदी तितकाच तुझा तुला खरा आहे. माझ्या छातीत भरलेला दम कोणी ‘काही नाही रे’ म्हणून उडवला तर मला जे वाटेल, तेच तुलाही वाटणार. स्वतःवरून एवढंच ओळखायचं. पुढचं त्याला विचारायचं.

आजचा अभ्यास

आज दिवसभरात कोणीतरी तुम्हाला ‘अवघड जातंय’ म्हणेल. टीममधला नवीन मुलगा असेल, बाळंतपणानंतर कामावर परतलेली मैत्रीण असेल, जिना चढताना मधेच थांबणारे आजोबा असतील. कदाचित आरशातला माणूसही असेल. तेव्हा ‘त्यात काय एवढं?’ हे तीन शब्द आजच्यापुरते गिळायचे. त्याऐवजी आपला आकडा न सांगता आधी त्याचा आकडा विचारायचा. ‘तुला किती जड जातंय?’ उत्तर पूर्ण ऐकायचं. मग दोघांनी मिळून बघायचं की याहून हलका गिअर कोणता आहे, आणि दोन वळणं शेजारी चालायला आपल्याकडे वेळ आहे का.

साधनेतही हेच. १०८ची माळ होत नसेल तर ११ नामं घ्या. ती होत नसतील तर कोणी म्हणत असेल तिथे जाऊन बसा. गिअर खाली टाकायला लाजू नका. फक्त सायकल वळवून परत उतरू नका.

उद्याचं वाचन : अध्याय १२, श्लोक १३ आणि १४.

राम कृष्ण हरी!